हे व्याकरण नेमके कोणत्या मुलासाठी?

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवायचे ठरवलेले आईबाप गणिताच्या पुस्तकापाशी फारसे थांबत नाहीत. बालभारतीचे घ्या, एनसीईआरटीचे घ्या, नाहीतर सिंगापूरचे मागवा. सात आठे छप्पन्न सगळीकडे तेच. घोडे पेंड खाते ते इंग्रजी व्याकरणापाशी. होमस्कूलिंगवाल्या पालकांचा मेळावा कुठेही भरू दे, "ग्रामरला तुम्ही काय वापरता?" हा प्रश्न निघतोच, आणि उत्तरादाखल जी नावे येतात ती बहुतेक अमेरिकन असतात.

याला कारण आहे. अमेरिकेत 1993 पर्यंत सर्व 50 राज्यांत होमस्कूलिंग कायदेशीर झाले होते. तिथल्या जनगणना खात्याच्या पाहणीनुसार 2020च्या वसंतात शाळकरी मुले असलेल्या 5.4 टक्के घरांत घरशिक्षण चालू होते. कोरोनामुळे त्याच वर्षीच्या शरदात हा आकडा 11.1 टक्क्यांवर गेला. एवढे गिऱ्हाईक असल्यावर दुकाने निघणारच. शिवाय ही पुस्तके शाळेच्या खरेदी समितीला खपवायची नसतात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून शिकवणाऱ्या आईला खपवायची असतात. त्यामुळे शिकवणाऱ्याने बी.एड. केलेले नाही हे गृहीत धरूनच ती लिहिलेली असतात. हा त्यांचा खरा गुण. आपल्याकडच्या क्रमिक पुस्तकाच्या मागे एक शिक्षक उभा आहे असे मानलेले असते. तो नसला की पुस्तक मुके होते.

उदाहरणार्थ, जेसी वाइज यांचे 'फर्स्ट लँग्वेज लेसन्स'. या बाईंनी 1970च्या दशकात आपल्या मुलांना घरी शिकवले आणि पुढे 1999 मध्ये मुलगी सुझन वाइज बाउअर हिच्याबरोबर 'द वेल-ट्रेन्ड माइंड' हे जाडजूड मार्गदर्शक लिहिले. 'फर्स्ट लँग्वेज लेसन्स'मध्ये पालकाने काय म्हणायचे ते नाटकाच्या संहितेसारखे छापलेले आहे. पालक म्हणेल ते असे, मूल उत्तर देईल ते असे. ज्यांचे स्वतःचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे आणि मुलासमोर इंग्रजी बोलताना ज्यांची जीभ अडखळते, त्यांना हा मोठाच आधार वाटतो. इंग्रजी चांगले असणाऱ्या आईला मात्र तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो.

'शर्ली इंग्लिश'चा खाक्या वेगळा. त्यात नाम, क्रियापद, विशेषण यांच्या व्याख्या तालावर म्हणायच्या आणि मग वाक्यातल्या एकेका शब्दाला ठरलेला प्रश्न विचारत जायचे. परवचा म्हणत मोठी झालेली आजी घरात असेल तर तिला ही पद्धत लगेच पटेल. 'फिक्स इट' मालिकेत रोज एकच चुकांनी भरलेला उतारा येतो. मुलाने तो दुरुस्त करायचा, शुद्ध करून वहीत उतरवायचा, आणि वर्षभरात या तुकड्यांची मिळून एक गोष्ट होते. मायकेल क्ले थॉम्प्सन यांची पुस्तके हुशार आणि वाचनवेड्या मुलांसाठी आहेत. ती वर्षाच्या सुरुवातीला अख्खे व्याकरण सांगून टाकतात आणि उरलेले वर्षभर ते वापरायला लावतात. 'रॉड अँड स्टाफ' ही केंटकीतल्या मेनोनाइट पंथाच्या लोकांची प्रकाशन संस्था. तिची पुस्तके मजबूत बांधणीची, भरपूर सरावाची, तुलनेने स्वस्त. पण उदाहरणातली वाक्ये बायबलमधून आणि शेतावरच्या धर्मशील कुटुंबांतून आलेली. फ्लोरिडातल्या 'अबेका'चेही तसेच. त्यात वावगे काही नाही, पण विकत घेण्याआधी ठाऊक असावे. वर्षभर नोहा आणि मोझेस यांची उद्देश्य-विधेये काढायची आहेत हे पार्सल फोडल्यावर कळणे बरे नव्हे.

यातल्या बऱ्याच पुस्तकांत वाक्याची आकृती काढायला शिकवतात. ब्रुकलिनमधल्या पॉलिटेक्निकचे ॲलोन्झो रीड आणि ब्रेनर्ड केलॉग यांनी 1877च्या पुस्तकात ही पद्धत रूढ केली. एक आडवी रेघ मारायची, तिला छेदणारी उभी रेघ मारायची. डावीकडे कर्ता, उजवीकडे क्रियापद. विशेषणे आणि क्रियाविशेषणे खाली तिरक्या रेघांवर लटकतात. आपल्याकडे मराठीच्या तासाला वाक्यपृथक्करणाचा तक्ता आखत असत, त्याचीच ही चित्रमय बहीण. ज्या मुलांना यंत्रे उघडून बघायला आवडते त्यांना हा खेळ फार भावतो. बाकीच्यांना तो रेघोट्यांचा जाच वाटतो, आणि मग शिकवणाऱ्यालाही.

मला स्वतःला या सगळ्यांत सर्वांत कामाची वाटते ती वँडा फिलिप्स यांच्या 'ईझी ग्रामर'मधली एक साधी युक्ती. मुलाने आधी ऑफ, इन, ऑन, अंडर, बिटवीन अशा प्रिपोझिशनांची यादी पाठ करायची. मग कोणतेही वाक्य समोर आले की प्रिपोझिशनपासून सुरू होणारे तुकडे पेन्सिलीने खोडायचे. उरते त्यात कर्ता आणि क्रियापद सापडायला वेळ लागत नाही. आपल्या मुलांच्या वहीत हमखास सापडणारे वाक्य घ्या: 'द क्वालिटी ऑफ धिस इयर्स मँगोज आर गुड.' यातला 'ऑफ धिस इयर्स मँगोज' हा तुकडा खोडला की उरते 'द क्वालिटी आर गुड', आणि नऊ वर्षांचे मूलही थबकते. 'आर'च्या जागी 'इज' हवे हे त्याला सांगावे लागत नाही. आंबे अनेकवचनी, 'आर'च्या अगदी शेजारी बसलेले, म्हणून कान फसला होता. मोठ्यांच्या अर्जांत आणि वर्तमानपत्रांतही ही चूक सर्रास दिसते.

इथवर सगळे ठीक. पण या पुस्तकांची तुलना करताना पालक किंमत पाहतात, रंगीत पाने पाहतात, पाठ रोज वीस मिनिटांत उरकतो का ते पाहतात. एक गोष्ट बघायची राहते. ही सर्व पुस्तके ज्या मुलासाठी लिहिली आहेत ते मूल जन्मापासून इंग्रजी बोलते. व्याकरण शिकण्याआधीच त्याला व्याकरण येते. पुस्तक त्याला फक्त त्याच्या तोंडी असलेल्या गोष्टींची नावे सांगते. 'ए' कुठे आणि 'द' कुठे, हे ओहायोतल्या सात वर्षांच्या मुलाला कोणी शिकवत नाही, म्हणून त्याच्या पुस्तकात त्यावर पान-दीड पान असते. सांगलीतल्या मुलाला नेमके तेच महिनोन्‌महिने लागते, कारण मराठीत अशी सोयच नाही.

प्रत्यक्ष बघू. दहा-अकरा वर्षांच्या मराठी मुलाने लिहिलेला निबंध साधारण असा असतो: 'लास्ट इयर वी हॅड गॉन टु कोकण फॉर गणपती. रेन वॉज फॉलिंग सिन्स टू डेज. आजोबा सेड टु मी दॅट व्हाय यू आर नॉट इटिंग मोदक.'

तीन वाक्ये, आणि प्रत्येक चुकीच्या मागे मराठी उभी आहे. आपण 'गेल्या वर्षी कोकणात गेलो होतो' म्हणतो, म्हणून 'हॅड गॉन'. इंग्रजीला तिथे साधे 'वेंट' पुरते. 'दोन दिवसांपासून' यातला 'पासून' आपल्याला मुदतीलाही चालतो आणि सुरुवातीच्या क्षणालाही. इंग्रजी मुदतीला 'फॉर' आणि सुरुवातीला 'सिन्स' वापरते, शिवाय क्रियापदही बदलून मागते. तिसऱ्या वाक्यात तर मराठीचे चांगले रूप जसेच्या तसे उतरले आहे. आजोबा म्हणाले की तू मोदक का खात नाहीस. मराठीत 'की' लावले की बोलणाऱ्याचे शब्द न बदलता पुढे ठेवता येतात. इंग्रजीत काळ मागे सरकतो, 'यू'चा 'आय' होतो, प्रश्नाची रचना मोडते आणि 'दॅट' गळून पडतो. एका वाक्यात इतक्या उलाढाली. मुलाने चूक केली असे म्हणण्यापेक्षा त्याने मराठी शुद्ध लिहिली, फक्त शब्द इंग्रजी वापरले, असे म्हटले तर जास्त खरे होईल.

आता त्याच वयाच्या अमेरिकन मुलाच्या वहीतल्या चुका बघा. 'मी अँड जेक वेंट' असे तो लिहितो. 'शुड हॅव'ऐवजी 'शुड ऑफ' लिहितो, कारण कानाला तसे ऐकू येते. 'इट्स'मधला अपॉस्ट्रॉफी हवा तिथे नसतो, नको तिथे असतो. दोन-दोन वाक्ये स्वल्पविरामाने जोडून तो धावत सुटतो. त्याच्या चुका कानाने लेखणीला फसवल्याच्या आहेत, आणि अमेरिकन पुस्तके या चुकांवर नेम धरून लिहिलेली आहेत. आपल्या मुलाचा 'सिन्स टू डेज' त्यांच्या नेमाच्या टप्प्यातच येत नाही. रीड-केलॉगच्या आकृतीत 'वी हॅड गॉन' अगदी ऐटीत बसते. डावीकडे 'वी', उजवीकडे 'हॅड गॉन', आकृती बरोबर, पूर्ण गुण.

व्याकरण शिकवल्याने लेखन सुधारते का, यावर इंग्रजीभाषक देशांत जुना वाद आहे. ब्रॅडॉक, लॉइड-जोन्स आणि शोअर यांच्या 1963च्या अहवालाने औपचारिक व्याकरण शिकवल्याचा लेखनावर नगण्य, कदाचित वाईटच परिणाम होतो असे म्हटले आणि खळबळ उडवली. न्यूझीलंडमध्ये एली आणि सहकाऱ्यांनी तीन वर्षे विद्यार्थ्यांचे गट वेगवेगळ्या पद्धतींनी शिकवून पाहिले. 1976 साली निष्कर्ष छापून आले तेव्हा व्याकरण शिकलेल्यांच्या आणि न शिकलेल्यांच्या लेखनात सांगण्याजोगा फरक नव्हता. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांच्या 2007च्या 'रायटिंग नेक्स्ट' या अहवालातही चौथी ते बारावीच्या मुलांसाठी पारंपरिक व्याकरणाच्या खात्यात तोटाच निघाला. होमस्कूलिंगवाल्यांपैकी काहीजण हे वाचतात आणि व्याकरणाला कायमचा रामराम ठोकतात.

पण हे अभ्यास प्रामुख्याने इंग्रजी ज्यांची घरची भाषा आहे अशा मुलांवरचे आहेत, हे विसरून कसे चालेल? परकी भाषा शिकणाऱ्यांचे चित्र निराळे आहे. जॉन नॉरिस आणि लुर्देस ओर्तेगा यांनी 2000 मध्ये अशा 49 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, त्यात नियम उघड सांगून शिकवणे हे नुसते कानावर पडू देण्यापेक्षा सरस ठरले. त्यातले विद्यार्थी बरेचसे मोठ्या वयाचे होते, म्हणून पाच वर्षांच्या पोराला नियम सांगत सुटू नये. तरीही व्याकरणाचा तोच पाठ एका मुलाला निरुपयोगी आणि दुसऱ्याला गरजेचा असू शकतो, एवढे यातून नक्की निघते.

म्हणून पुस्तक मागवण्याआधी मुलाच्या हातची दोन-तीन पाने घ्यावीत. शुद्धलेखनासाठी बसवून लिहून घेतलेली नकोत. त्याने आपणहून लिहिलेली गोष्ट, पत्र, क्रिकेटच्या सामन्याचे वर्णन, असले काही. चुकांखाली रेघा मारून त्यांचे दोन ढीग करावेत. काळ, आर्टिकल, प्रिपोझिशन, प्रश्नाची रचना यांचा ढीग मोठा असेल तर मूल इंग्रजी शिकते आहे. स्पेलिंग, विरामचिन्हे, लांबत गेलेली वाक्ये यांचा मोठा असेल तर ते इंग्रजी बोलते आहे, मग घर कोथरूडमध्ये का असेना. अशी मुले शहरांत आता पुष्कळ आहेत. आईबाप आपसांत मराठी बोलतात आणि मुलाशी इंग्रजी. त्यांना अमेरिकन पुस्तक खुशाल द्यावे. न्यू जर्सीत किंवा बे एरियात वाढणाऱ्या मराठी मुलांचेही तेच. त्यांच्या बाबतीत परक्या भाषेच्या व्याकरणाची गरज पडते ती रविवारच्या मराठी शाळेत, चमचा 'तो' आणि वाटी 'ती' का, हे सांगताना.

पहिला ढीग मोठा निघाला तर काय घ्यावे? रेमंड मर्फी यांची पुस्तके इथे निर्विवाद पुढे आहेत. निळे 'इंग्लिश ग्रामर इन यूज' 1985 साली आले, नवशिक्यांसाठीचे लाल 'इसेन्शियल' त्यानंतर. डाव्या पानावर एकच मुद्दा, उजव्या पानावर त्याचाच सराव. 'फॉर' आणि 'सिन्स'ला स्वतंत्र पाठ आहे, आर्टिकलांना तर कितीतरी. ती मोठ्यांसाठी लिहिलेली असल्याने उदाहरणांत ऑफिस आणि विमानतळ फार येतात. अकरा-बारा वर्षांच्या आतल्या मुलाला व्हर्जिनिया इव्हान्स यांची चित्रमय 'राउंड-अप' मालिका अधिक सोसते. पालकांनी स्वतःसाठी मायकेल स्वान आणि बर्नार्ड स्मिथ यांनी संपादित केलेले 'लर्नर इंग्लिश' चाळावे. कोणत्या भाषेचा माणूस इंग्रजीत कुठे घसरतो, याची त्यात भाषावार प्रकरणे आहेत आणि दक्षिण आशियाई भाषांचेही एक आहे.

'रेन अँड मार्टिन'चे नाव आजोबांकडून येणारच. पी. सी. रेन हे भारतीय शिक्षण सेवेत मुंबई इलाख्यात होते. पुढे 1924 मध्ये 'बो जेस्ट' ही फ्रेंच फॉरेन लीजनवरची साहसी कादंबरी लिहून ते जगभर गाजले. ज्याच्या डोक्यात वाळवंटातले किल्ले आणि गोळीबार होता त्याने पार्टिसिपलांचे इतके रुक्ष वर्गीकरण करावे, ही गंमतच. पुस्तक अडला-नडला शब्दप्रयोग बघायला उत्तम. ओळीने शिकवायला घेऊ नये.

आणि मग माळ्यावरची तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. तिच्यातली वाक्ये जुनाट आहेत, छपाई डोळ्यांवर ताण आणणारी, आणि आजच्या मुलाला ती वाचून हसू येते. पण मर्फींनाही जे जमलेले नाही ते तिथे आहे: ती मराठी बोलणाऱ्या मुलासाठीच लिहिली आहे. नियम मराठीत, वाक्ये मराठीत, आणि त्यांचे इंग्रजी करायचे. 'गेलो होतो'चे 'वेंट' कुठे होते आणि 'हॅड गॉन' कुठे, हा प्रश्न या पद्धतीत आपोआप समोर येतो. पुस्तक नाही तरी रीत उचलावी. मुलाच्या चुकांच्या ढिगातून पाच मराठी वाक्ये तयार करायची, त्याने इंग्रजी करायचे, आठवड्याने त्या इंग्रजीवरून न बघता पुन्हा मराठी करायचे. याला कोणतेही पार्सल मागवावे लागत नाही.

परीक्षेचा विचार दहावीच्या आधी दोन वर्षे करावा, त्याहून लवकर नको. सतरा नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची परीक्षा द्यायची असेल तर तिथे वाक्यरूपांतरे येतात: प्रयोग बदला, 'टू' काढून लिहा, 'नो सूनर' वापरा. ही एक स्वतंत्र कसरत आहे, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवूनच अंगवळणी पडते, आणि कोणतेही अमेरिकन पुस्तक ती शिकवत नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या दहावीला 14 वर्षे पूर्ण लागतात. घाई करून उपयोग नसतो. केंब्रिजच्या आयजीसीएसईमध्ये व्याकरणाचे वेगळे प्रश्न नसतात, ते निबंध तपासतानाच पाहिले जाते. अमेरिकन पुस्तकांतून शिकलेल्या मुलाचे 'कलर' आणि 'सेंटर'चे स्पेलिंग मात्र भारतातल्या परीक्षांआधी एकदा तपासून घ्यावे.

वयाबद्दल विचाराल तर आठव्या वर्षापर्यंत पुस्तकच नको. ऐकणे, वाचून दाखवणे, आवडलेली ओळ सुवाच्य अक्षरात उतरवणे, एवढे पुरते. इंग्लंडच्या शार्लट मेसन यांची शिस्तही याच वळणाची होती. फार हौस असेल तर माँटेसरी पद्धतीतली चिन्हे कागदाची कापून घ्यावीत: नामाला काळा त्रिकोण, क्रियापदाला लाल गोल. लाल गोल गडगडतो, क्रियापद हालचाल करते. हे मराठी वाक्यांवर मांडून खेळता येते आणि तेच बरे, कारण नाम-क्रियापद ओळखणे मूल आपल्या भाषेत झटकन शिकते. नंतर इंग्रजीत फक्त नावे बदलतात.

आणखी एक सराव दोन्ही प्रकारच्या मुलांना उपयोगी पडतो. ग्रॅहम-पेरिन यांच्या ज्या अहवालाने पारंपरिक व्याकरणाला तोट्यात टाकले, त्यातच छोटी वाक्ये जोडून मोठे वाक्य करण्याचा सराव चांगल्या नफ्यात होता. 'द एसटी वॉज लेट. इट वॉज रेनिंग. आजोबा वेटेड ॲट द स्टँड. ही हेल्ड ॲन अंब्रेला.' या चार वाक्यांचे एक करायचे. एक मूल 'बिकॉज' घालून करेल, दुसरे 'होल्डिंग ॲन अंब्रेला'ने सुरुवात करेल, तिसरे पाऊस आधी आणेल, एखादे आजोबांना शेवटपर्यंत राखून ठेवेल. याला उत्तरसूची नसते. सगळी उत्तरे मोठ्याने वाचावीत आणि कोणते आवडले ते मुलाला विचारावे. का आवडले ते त्याला सांगता आले नाही तर अडून बसू नये, पुढची चार वाक्ये द्यावीत.